ॲक्सिलरेटर दिला तरी गाडी दोन सेकंद उचलतच नाही : गिअरबॉक्स गेलाय की दुसरंच काही?

चाफेकळी (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मला गाडीतलं फारसं कळत नाही, म्हणून जे घडतंय ते जसंच्या तसं लिहिते.

सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक), ५४ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही, गाडी नीट करायची आहे. रोजचा रस्ता वारजे ते बाणेर, चांदणी चौकावरून. एप्रिलपासून मधूनच असं होतं की मी पाय देते आणि गाडीला ते ऐकूच जात नाही. एक, दोन असे आकडे मोजावेत इतका वेळ काहीच नाही, मग दचका देऊन एकदम पळते. रोज होत नाही. कधी दिवसातून तीनदा, कधी चार दिवस काहीच नाही.

गेल्या मंगळवारी सर्व्हिस रोडवरून हायवेला लागत होते. आई मागे बसलेली. मागचा ट्रक लांब आहे हे बघूनच पाय दिला, आणि गाडी अर्धी हायवेवर, अर्धी बाहेर अशी नुसती लोळत राहिली. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला, त्यानेच बाजूला घेतली म्हणून निभावलं. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी रिक्षाने जाईन गं."

वर्कशॉपच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा त्यांनी स्कॅनर लावून क्लचचं 'लर्निंग' केलं, म्हणजे क्लच कुठे पकडतो ते गाडीला नव्याने शिकवलं. आठ दिवस बरं वाटलं, परत तेच. दुसऱ्यांदा सांगितलं की क्लच सेट आणि ॲक्च्युएटर (क्लच दाबणारं यंत्र) दोन्ही बदलावं लागेल, गिअरबॉक्स उतरवायचा, ४८ हजार. मी विचारलं, एरर कोड काय आला? तर कोड नाही. मग कशावरून? "मॅडम, अनुभवावरून." आणि वर हेही ऐकवलं की ऑटोमॅटिक अशीच चालते, तुम्ही पाय हळू द्या.

४८ हजार द्यायला माझी ना नाही, पण ते देऊन गाडी नीट होणार आहे का? कुणाला असा अनुभव आहे?

ढब्बू_मिरची (रात्री ९:५८)

वाचतेय. माझीही असंच करते, पण माझी सीव्हीटी आहे, वेगळ्या प्रकारची ऑटोमॅटिक.

घाटमाथा (रात्री १०:१२)

ताई, राग मानू नका, पण म्हणूनच मी सगळ्यांना मॅन्युअल घ्या म्हणून सांगतो. क्लच आपल्या पायात असला की गाडी काय करतेय ते पायाला कळतं. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्र बसवलेलं. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे स्वस्तात आला आणि जो तो तेच घ्यायला लागला. यंत्र रुसलं की रस्त्यात अडकायचं.

कुंदा (रात्री १०:३१)

घाटमाथा, माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. विद्यापीठ चौकात संध्याकाळी सहा वाजता पाऊण तास क्लच दाबत बसणं मला शक्यच नाही. एएमटी आली म्हणून मी आज स्वतःची गाडी स्वतः चालवते, नातीला शाळेतून आणते. त्यामुळे "घेऊच नका" हे उत्तर नको. असलेली गाडी नीट कशी करायची यावर बोलू या.

चाफेकळी, तो हायवेचा प्रसंग वाचून पोटात गोळा आला. नीट होईपर्यंत हायवे टाळा. कर्वेनगरातून, कोथरूडमधून फिरून जा, वेळ लागला तर लागू दे.

पाना_१२_१३ (रात्री ११:०५)

मी गॅरेजवाला. एकवीस वर्षं हेच करतोय, म्हणून लिहितो.

ताई, पहिला प्रश्न. गाडी उचलत नाही त्या दोन सेकंदांत आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा कुठे असतो? वर पळतो की जागेवर बसून राहतो? यावर निम्मं निदान होतं.

काटा वर गेला, इंजिन ओरडलं, पण स्पीड वाढला नाही, तर इंजिन ताकद देतंय आणि ती चाकापर्यंत पोचत नाही. म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. मग तुमच्या वर्कशॉपवाल्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण पाय दिला आणि काटाच हलला नाही, तर इंजिनाने ताकद दिलीच नाही. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दात दुखतोय म्हणून गुडघा उघडणं.

दोन सेकंद काट्याकडे बघत बसू नका, गाडी चालवताना तर नकोच. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा.

चाफेकळी (रविवार, सकाळी ११:२०)

पाना दादा, सकाळी भावाला शेजारी बसवून कर्वेनगरात चकरा मारल्या. पाचव्या चकरेला झालं आणि व्हिडिओत आलंही. काटा एक हजाराच्या आसपास बसून राहतो, अजिबात हलत नाही. नंतर एकदम अडीच हजारावर उडी मारतो, तेव्हाच दचका बसतो.

पाना_१२_१३ (सकाळी ११:३४)

मग क्लच सेटचे पैसे खिशात ठेवा. इंजिनाला "पळ" हा हुकूम पोचत नाहीये किंवा पोचूनही कुणीतरी अडवतंय. ते शोधायचं.

बोपदेव (दुपारी १२:१५)

पाना म्हणतात त्याच्या अगदी उलट केस माझी होती, नोंद म्हणून लिहितो. पाहुण्यांना घेऊन सिंहगडावर निघालो, रविवार, पाऊस, वर जायला गाड्यांची रांग. माझीही एएमटीच. चढावर पुढची गाडी थांबली की मी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरत होतो. तासभर असं केल्यावर ब्रेकचे लायनर जळाल्यासारखा वास यायला लागला. शेवटच्या वळणाला काटा साडेतीन हजारावर आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने. पुण्यात आणून उघडली तर क्लच प्लेट निळी पडलेली, रिव्हेटपर्यंत झिजलेली.

चूक माझीच. चढावर थांबायचं तर ब्रेक किंवा हँडब्रेक, ॲक्सिलरेटर नाही. आता पुढे गाडीभर जागा झाल्याशिवाय हलतच नाही, मागच्याने कितीही हॉर्न वाजवू दे. ड्राय ड्युअल क्लचवाल्यांनी तर हे जास्तच पाळावं. त्यात दोन क्लच असतात, विषम गिअर एकावर, सम दुसऱ्यावर. रांगत्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्याची सारखी अदलाबदल होऊन दोन्ही तापतात.

निवांत_काका (दुपारी १:४०)

माझ्या मते हा सगळा ई२० पेट्रोलचा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) प्रताप आहे. आमच्या सोसायटीत चार गाड्यांच्या तक्रारी आहेत. आधी असं काही नव्हतं.

मुळशीचा_पाऊस (दुपारी २:२२)

माझी डिझेल, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारी ऑटोमॅटिक). ताम्हिणीत ओव्हरटेक करताना मेल्यासारखी व्हायची. मला आधी गिअरबॉक्सच वाटला, ऑइलसुद्धा बदलून घेतलं. फरक शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने बॉनेट उघडून टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी होजवर नुसता हात फिरवला आणि तेलाने माखलेलं बोट मला दाखवलं. खालच्या बाजूने होजला नखाएवढी चीर. टर्बो हवा भरत होता आणि ती तिथून सुटत होती. इंजिन बंद असताना चीर मिटलेली, त्यामुळे नुसतं बघून कुणाला दिसली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : गाडी ओढत नाही म्हटलं की सगळे गिअरबॉक्सकडे धावतात, पण निम्म्या वेळा दोष बॉनेटखाली दुसरीकडेच असतो.

चाकण_शिफ्ट (संध्याकाळी ६:१०)

वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. थोडं सविस्तर लिहितो.

निवांत काका, लिटरमागे बघितलं तर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. म्हणून २० टक्के मिसळलं की मायलेज काही टक्के घटतं, ही तक्रार खरी आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील हाही खरा प्रश्न आहे. पण पेट्रोल टाकीत चोवीस तास असतं. त्याचा दोष असता तर इंजिन चढावर, ओव्हरटेकला, सगळीकडेच कमी पडलं असतं. दिवसातून तीनदा दोन सेकंद गप्प बसून पुन्हा झकास पळणं हे इंधनाचं लक्षण नाही.

आता मूळ प्रश्न. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ते ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतात की पाय किती दाबलाय. ईसीयू दोघांचं म्हणणं जुळतंय का ते बघतो, मग इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप उघडतो. म्हणजे पाय आणि झडप यांच्या मध्ये एक निर्णय घेणारा बसलाय, आणि तो "आत्ता उघडायचं नाही" असंही ठरवू शकतो. काटा जागेवर राहतोय याचे अर्थ मला तरी असे दिसतात :

पेडलचा सेन्सर झिजलाय. यात बहुतेक वेळा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि पी२१३८ सारखा कोड मिळतो. पाचशे-हजाराचं ब्लूटूथ ओबीडी यंत्र (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं) स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावा, इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि पेडल अगदी सावकाश खाली न्या. मोबाइलवरचा टक्केवारीचा आकडा सलग चढायला हवा. मध्ये थबकला किंवा उडाला तर चोर सापडला.

थ्रॉटल बॉडीत काजळी साठलीय. यात सहसा सिग्नलला उभं असताना आरपीएमही वरखाली होतो. साफ करणं सोपं, पण नंतर आयडलचं (उभ्या गाडीच्या आरपीएमचं) लर्निंग करावं लागतं, ते अनेक जण विसरतात.

हवेचा सेन्सर मळलाय. त्याला फडकं लावू नका, त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

आणि चौथं, ईसीयूला दुसरीकडून कुणीतरी "थांब" सांगतंय.

कोणतं ते ओळखायला एक वही करा. दर वेळी झालं की गाडी बाजूला घेतल्यावर लिहा : जागा, स्पीड, चढ की सपाट, एसी चालू होता का, गाडी गार की तापलेली, आणि त्याच्या आधीच्या पाच सेकंदांत तुम्ही काय केलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कधीतरीच होणारा दोष वर्कशॉपच्या ट्रायलमध्ये सापडत नाही, तो गाडी रोज चालवणाऱ्यालाच सापडतो.

ढब्बू_मिरची (संध्याकाळी ६:४५)

धागा चाफेकळीचा आहे हे मान्य, पण चाकण दादा, माझ्या सीव्हीटीचं सांगा ना. पाय दाबला की आधी नुसता घूं आवाज, काटा वर, आणि गाडी मागाहून येते. पाना दादांच्या हिशोबाने माझा क्लच घसरतोय का?

चाकण_शिफ्ट (संध्याकाळी ७:०२)

नाही, थांबा. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतातच, दोन पुली आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा. पाय दाबला की ती आधी इंजिनाला ताकदीच्या आरपीएमवर नेते, मग पुलींचा व्यास बदलत गाडीला ओढते. थोडा घूं आवाज आणि मागाहून वेग हा तिचा स्वभावच आहे. घेतली तेव्हापासून तशीच असेल तर काळजी नको. मात्र हल्ली वाढलं असेल, थरथर किंवा किणकिण जाणवत असेल, तर सीव्हीटीचं ऑइल तपासून घ्या. आणि तिथे फक्त त्या गाडीसाठी सांगितलेलं सीव्हीटी फ्लुइडच. पट्ट्याची पकड त्या तेलावर असते, साधं एटीएफ (इतर ऑटोमॅटिकचं तेल) ओतलं तर अख्खा गिअरबॉक्स जातो.

पाना_१२_१३ (संध्याकाळी ७:३०)

चाकणशी सहमत. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनाही सांगतो, डिपस्टिक असेल तर तेल पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघा. लाल, पारदर्शक असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास असेल तर उशीर झालाय. नट खोलून सोडलेलं तेल म्हणजे सगळं तेल नव्हे, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून काही जण थोड्या किलोमीटरने दुसऱ्यांदा बदलतात. एएमटीत हे काही नसतं. तिथे मॅन्युअलसारखं साधं गिअर ऑइल आणि हायड्रॉलिक असेल तर ॲक्च्युएटरचं वेगळं ऑइल, त्याची लेव्हल बघायची.

घाटमाथा (रात्री ८:१५)

अवांतर, पण विषय निघालाच आहे तर लिहितो. मी रोज कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरतो. पेट्रोल वाचवायला कित्येक जण तो उतार न्यूट्रलमध्ये सोडतात. ट्रकवाले करतातच, कारवालेही करतात. त्या उतारावर किती अपघात झालेत ते सगळ्या पुण्याला माहीत आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून पाय काढला की ईसीयू पेट्रोल बंदच करतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच. एएमटीवाल्यांनी तिथे मॅन्युअल मोडला टाकून तिसऱ्यात उतरावं.

कुंदा (रात्री ८:२८)

हे मात्र शंभर टक्के पटलं, घाटमाथा. उतारावर मी तेच करते.

अनुस्वार (रात्री ९:५०)

चाफेकळी, "पाय हळू द्या" हे वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडी नेली की "ड्रायव्हिंगमुळे होतंय मॅडम", आणि त्याच तक्रारीसाठी नवरा गेला की "सर, ट्रायल घेऊ या". मी आता तीन गोष्टी करते. तक्रार माझ्या शब्दांत जॉबकार्डवर लिहून घेते, 'पिकअप कमी' असं त्यांच्या शब्दांत नाही. ट्रायलला सुपरवायझरच्या शेजारी स्वतः बसते. आणि मोठा पार्ट बदलायचा म्हणाले तर विचारते : स्कॅनरवर कोणता आकडा बघून हे ठरवलं, तो मला दाखवा. एएमटीत क्लच किती झिजलाय याचा अंदाज त्यांच्या स्कॅनरवर दिसतो. दाखवायला काहीच हरकत नसते.

चाफेकळी (पुढचा रविवार, सकाळी १०:०५)

मंडळी, आठ दिवस वही लिहिली. एकूण ११ वेळा झालं. एसी सात वेळा चालू, चार वेळा बंद. गाडी गार असताना पाच, तापल्यावर सहा. पाऊस होता आणि नव्हता, दोन्ही वेळा. चांदणी चौकाच्या चढावर एकदाही नाही. पाषाणकडे मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम पाय दाबून बघितला, तिथेही नाही.

पण आधीच्या पाच सेकंदांचा रकाना वाचताना अंगावर काटा आला. सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर. सिग्नल सुटला. रिक्षा आडवी आली. स्पीडब्रेकर. स्पीडब्रेकर. सर्व्हिस रोडच्या तोंडाशी थांबले. अकराच्या अकरा वेळा मी नुकताच ब्रेकवरून पाय काढलेला होता. त्या मंगळवारीही ट्रकसाठी आधी थांबलेच होते.

याचा काही अर्थ निघतो का?

पाना_१२_१३ (सकाळी १०:२१)

निघतो म्हणजे काय, चोर मुद्देमालासकट पकडलात तुम्ही!

आज अंधार पडला की गाडी पार्किंगच्या भिंतीकडे पाठ करून लावा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला. ब्रेक दाबा, भिंत लाल होईल. पाय पटकन काढा आणि आरशात भिंतीकडे बघा. लाल उजेड पाय काढल्याबरोबर गेला पाहिजे. वीस-पंचवीस वेळा करा, एकदोनदा करून उठू नका.

घाटमाथा (सकाळी १०:४०)

ब्रेकच्या दिव्याचा आणि पिकअपचा काय संबंध? समजून घ्यायचंय म्हणून विचारतो.

चाकण_शिफ्ट (सकाळी ११:१५)

चांगला प्रश्न. ब्रेक पेडलच्या वर ब्रॅकेटमध्ये एक छोटा स्विच असतो. पेडल वर असताना त्याची दांडी आत दाबलेली, पेडल खाली गेलं की दांडी बाहेर. आपल्याला वाटतं तो फक्त मागचे दिवे लावतो. पण तोच सिग्नल ईसीयूलाही जातो. बऱ्याच गाड्यांत असा नियम घातलेला असतो की ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबलेले दिसले तर ब्रेकचं ऐकायचं आणि थ्रॉटल कमी करायचा. पेडल मॅटखाली अडकलं, तर गाडी थांबावी म्हणून ही सोय. एएमटीत तर आणखी पुढे, ब्रेक दाबलाय असं दिसलं की कमी वेगाला यंत्र क्लच उघडून ठेवतं.

आता स्विचची दांडी चिकटली आणि पाय काढल्यावर दोन सेकंद उशिरा आत गेली, तर काय होईल? ताईंनी ॲक्सिलरेटर दिला, पण ईसीयूच्या लेखी त्या अजून ब्रेकवरच आहेत. म्हणून काटा एक हजारावर. दांडी सुटली की तोवर खाली दाबलेला पाय एकदम लागू होतो, तोच दचका. कोड येईलच असं नाही, कारण तार तुटलेली नाही, स्विच खोटं बोलतोय इतकंच. ज्या गाड्यांत स्विचला दोन संपर्क असतात त्यांत एकच चुकला तर पी०५०४ येऊ शकतो, दोन्ही मिळून उशीर करत असतील तर तोही नाही.

लर्निंग केल्यावर आठ दिवस बरं वाटलं, तो मला तरी योगायोग वाटतो.

घाटमाथा (सकाळी ११:२६)

समजलं. आभार.

चाफेकळी (रात्री ८:५२)

आत्ता खालून आले. भावाला भिंतीपाशी उभं केलं होतं, मी आत. पहिले सहा वेळा काही नाही. सातव्याला पाय काढला, आरशात भिंत लालच. तो ओरडला, "अगं सोड ना!" मी म्हटलं, सोडलाय केव्हाच. मग उजेड गेला. तेवीस वेळांत चार वेळा असं झालं. पायाच्या बोटाने पेडल खालून वर ढकललं की लगेच विझतो, हेही दोनदा करून बघितलं.

तीन महिने ही गाडी मागच्या सगळ्यांना माझा दिवा अडकलाय हे दाखवत होती, आणि मला ते दिसण्याची सोयच नव्हती.

कुंदा (रात्री ९:०३)

शाब्बास गं! आईला आधी सांग.

पाना_१२_१३ (रात्री ९:१०)

स्विच ओरिजिनलच घ्या, गाडीचा चासी नंबर सांगून. नाना पेठेत मिळेल, पण एकदोन दिवस तिकडे फिरकू नका. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत मुक्कामाला आहे, त्या भागात गाडी घालता येणार नाही. पालखी पुढे गेली की जा. बसवताना सेटिंग करावं लागतं. काही स्विच एकदाच सेट होतात, म्हणून स्वतः बसवू नका. तोवर ब्रेक सोडला की पेडल बोटाने वर उचलत चालवू नका हं, ते धोक्याचं आहे. गाडी उभीच ठेवा.

चाफेकळी (गुरुवार, संध्याकाळी ७:१५)

पालखी दिवे घाट चढून गेल्यावर नाना पेठेत जाऊन स्विच आणला. ३९० रुपये. घराजवळच्या गॅरेजमध्ये दीडशे रुपये घेऊन वीस मिनिटांत बसवून दिला. जुना स्विच त्यांनी माझ्या हातात ठेवला. अंगठ्याएवढी वस्तू. दांडी दाबली की आत जायला कुरकुरते, तिच्या कडेला काळा चिकट थर. माझ्या मते गेल्या वर्षी डॅशबोर्डखाली कसलासा स्प्रे मारला होता तो, त्याला धूळ चिकटलीय.

तीन दिवस, १४० किलोमीटर. एकदाही नाही. भिंतीची परीक्षा चाळीस वेळा केली, चाळीसही वेळा पास.

वर्कशॉपला जाऊन जुना स्विच आणि व्हिडिओ दाखवला. आधी आलेल्या सुपरवायझरने हे "क्लचबरोबर आपोआप सुटलं असतं" असं काहीतरी म्हणून बघितलं. पण आतला एक तरुण फिटर बाहेर आला, त्याने स्विच हातात घेऊन चार वेळा दाबून बघितला आणि म्हणाला, "ताई, हा मला द्याल का? बाकीच्यांना दाखवतो." दिला.

काल आईला घेऊन त्याच सर्व्हिस रोडवरून हायवेला लागले. मुद्दाम आधी पूर्ण थांबले, मग पाय दिला. मागून तिचा हात माझ्या खांद्यावर आला आणि चांदणी चौक येईपर्यंत तिथेच होता.

पाना दादा, चाकण दादा, तुम्हा दोघांचे उपकार कसे मानू कळत नाही.

पाना_१२_१३ (संध्याकाळी ७:४०)

वही तुम्ही लिहिलीत ताई, आम्ही फक्त वाचली. एकच काम करा, दर सर्व्हिसिंगला भिंतीची परीक्षा करत जा.

निवांत_काका (रात्री ८:३०)

सोसायटीतल्या चार गाड्या आज रात्री भिंतीकडे पाठ करून उभ्या केल्या. तिघांचे दिवे ठीक, चौथ्याचा उजवा दिवा लागतच नाही असं कळलं. त्याला वर्षभर कुणी सांगितलं नव्हतं. पिकअपचं अजून शोधतोय, ई२० सोडलेला नाही मी.

ढब्बू_मिरची (रात्री १०:०५)

मीही खाली जाऊन आले. माझा दिवा लगेच विझतो, तीस वेळा बघितलं. म्हणजे माझं दुखणं वेगळं. कालपासून थरथरही जाणवतेय. चाकण दादा, सीव्हीटीचं ऑइल तपासायला डिपस्टिक शोधतेय, माझ्या गाडीत ती दिसतच नाहीये. कुठे असते?

चाकण_शिफ्ट (रात्री १०:२०)

बऱ्याच सीव्हीटींत नसतेच. गाडी लिफ्टवर सपाट घेऊन, तेल ठरावीक तापमानाला आल्यावर, इंजिन चालू ठेवून खालच्या लेव्हल नटातून बघतात. थरथर आहे तर लांब जाऊ नका. आधी वही करा, आणि नवा धागा काढा, तिथे बोलू.